टोपीची शेंडी

बस इथं, चहा घे, आणि मधे मधे बोलू नकोस. माझ्या जावयाच्या पंपाची गोष्ट सांगतो. त्याला स्वतःलाही ती ठाऊक नाही.

जावई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. घरी मला वाकून नमस्कार करतो. प्लांटवर मात्र तो साहेब, मी फिटर.

नवा प्लांट सुरू करताना पाइपांतून काय काय निघतं म्हणून सांगू! वेल्डिंगचे गोळे, रॉडचे तुकडे, गंज. ते आत गेलं की पंपाचा खुळखुळा. म्हणून सुरुवातीचे दिवस पंपाच्या तोंडाशी जाळीची निमुळती टोपी बसवायची. तिची एक पट्टी पाइपाबाहेर डोकावते, तिला आम्ही शेंडी म्हणतो. शेंडी दिसली की समजायचं, आत टोपी आहे.

उद्घाटनाच्या दिवशी चारला मोठे साहेब बटण दाबायला येणार, आणि दोनला चाचणीतच पंप धापा टाकायला लागला. टोपी तुंबलेली, दुसरं काय!

जावई ओरडला, "दादा, काढून फेका ती जाळी!"

"धुऊन परत लावतो, जावईबापू. कचरा येतोय अजून."

"नातं घरी ठेवा! चारला शेंडी दिसली, तर उद्यापासून तुम्ही पण घरीच."

आता नोकरी वाचवू की पंप? टोपी धुतली, शेंडी करवतीनं उडवली, आणि टोपी गुपचूप परत आत. पंप काय पळाला! जावई छाती फुगवून मोठ्या साहेबांना सांगतोय, "मीच जाळी काढायला लावली, सर." मी आपला मान डोलावतोय.

आठवड्यानं पुन्हा तेच. सांध्यातलं गॅस्केट बदलतो असं सांगून मी पाइप उघडला. आत ओंजळभर लोखंड आणि एक अख्खी छिन्नी! म्हटलं, टोपी अजून आठवडाभर राहू दे. तर दुसऱ्याच दिवशी जावयानं वशिला लावून मला बढती दिली आणि दुसऱ्या युनिटला धाडलं. बहिणीनं डोकं खाल्लं होतं म्हणे त्याचं.

तीन महिने झाले, टोपी अजून आतच. ती जाळी कायमची नसते रे. कधीतरी फाटणार, आणि तिचेच तुकडे पंपात जाणार. खरं सांगावं तर जावई तोंडघशी, बहीण रुसून माहेरी. माहेर म्हणजे माझंच घर!

उद्यापासून त्या पंपावर तू आहेस. पंप बंद असेल तेव्हा आठ बोल्ट सोड, टोपी काढ, डब्याच्या पिशवीत घालून माझ्याकडे आण. जावयानं विचारलंच तर गॅस्केट बदलतोय म्हण. एवढं कर बाबा.