राजधानीचं बारसं

या, जवळ सरकून बसा. शेगडीच्या चौरंगावरची रजई पायांवर ओढून घ्या. बाहेर अलवंदच्या डोंगरावर अजून बर्फ आहे. एका शहाण्याने देवाच्या सणाला वर्षानुवर्षं कसं चकवलं आणि एका बाळंतिणीने त्याला कसं गाठलं, ते तुम्हाला सांगते.

हमदानच्या आमच्या यहुदी मोहल्ल्यात आगा रहामीम कातड्याचा व्यापार करायचे. प्रार्थनाघरात पहिली बैठक त्यांची, आणि स्तोत्र कुणाचंही असो, वरचा सूर त्यांचाच. एस्तेर राणीच्या पोथीतली राजधानी शूशन म्हणजे आपलं हमदानच, असं त्यांचं ठाम मत. "राणीची कबर कुठे आहे? आपल्याच गावात ना? मग ती काय इथे हवापालटाला आली होती?" तेहरानहून आलेले मास्तर एकदा भीतभीत म्हणाले, शूशन इथून लांब दक्षिणेला, आता तिथे नुसते मातीचे ढिगारे आणि शेळ्या. आगा म्हणाले, "मग त्या शेळ्यांनाच शिकवा जाऊन."

आता एस्तेर राणीच्या आठवणीचा पुरीमचा सण जगभर अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी, आणि शूशनमध्ये तेवढा पंधराव्याला. हमदानचं नक्की कुणालाच ठाऊक नाही, म्हणून आम्ही पोथी दोन्ही दिवस वाचतो. सणाला हलवा वाटावा, गरिबाच्या हातावर काहीतरी ठेवावं, ही देवाची आज्ञा. तिच्यातून आगांनी पळवाट काढली होती. चौदाव्याला कुणी दाराशी आलं की म्हणायचे, "बाई, हे शूशन. आपला सण उद्या." तीच बाई पंधराव्याला आली की, "अगं, सगळ्या जगाचा सण काल झाला. तू झोपली होतीस काय?"

देव बघत होता, पण देवाला घाई नसते.

त्या वर्षी सणाच्या तोंडावर आगांची सून तूबा बाळंत झाली. मुलगी झाली. तूबाची आई मरवारीद त्याच हिवाळ्यात गेलेली. मुलीला तिचं नाव ठेवायचं, एवढं एकच तूबाच्या मनात होतं. नवरा बिचारा भला, पण वडिलांसमोर त्याची वाचा बसायची. आणि वडिलांनी फर्मान काढलं, "नातीचं नाव शूशन."

"छान आहे," आमच्या प्रार्थनाघराचे धर्मगुरू मुल्ला बिन्यामीन म्हणाले. "शूशन म्हणजे लिलीचं फूल. आमच्या मावशीचंही हेच नाव."

"फुलं बाजारात मिळतात, मुल्ला. मी राजधानीचं नाव ठेवतोय."

पडद्याआड तूबाने उशीत तोंड खुपसलं.

चौदाव्याच्या सकाळी गोहरखाला आली. शिवणकाम करणारी विधवा. मरवारीदच्या आजारपणात तिच्या उशाशी हीच बसून राहिली होती. आगांनी तिला दारातूनच परतवलं, "उद्या ये. शूशनचा सण उद्या." जाताजाता ती तूबाला बघायला आत डोकावली.

तूबा म्हणाली, "खाला, उद्या एकटी येऊ नकोस."

"मग काय वरात आणू?"

"आण."

पंधराव्या दिवशी पोथी वाचून झाल्यावर मंडळी नावासाठी आगांच्या घरी जमली. केशर घातलेला हलवा परातींत मांडलेला, पाहुण्यांसाठी. आगा घसा खाकरून उभे राहिले, तोच अंगण बायकांनी भरलं. पुढे गोहर.

"सणाचं घ्यायला आलोय, आगा."

आगांची जीभ सवयीने वळली. "अगं, सण काल झाला."

पडदा सरकला. तूबा मुलीला घेऊन उभी होती, भिंतीला टेकून. "आगाजान, मग हे शूशन नाही?"

तिने अंगणाकडे बोट दाखवलं.

"शूशन असेल तर सण आज आहे, आणि या बायका अगदी वेळेवर आल्यात. नसेल, तर माझ्या मुलीला परक्या गावाचं नाव कशाला? तिला काय शेळ्या राखायला धाडायचंय?"

मास्तरांना ठसका लागला. आगांनी एकदा बायकांकडे पाहिलं, एकदा परातींकडे. इतक्या वर्षांची राजधानी एका बाजूला आणि हलवा दुसऱ्या बाजूला. हलवा जड भरला.

"तसं पक्कं कोण सांगणार," ते पुटपुटले. "संशयच आहे म्हणा."

"मग मुलीला संशयाचं नाव नको. मरवारीद ठेवा."

"ठेवा, ठेवा," आगा घाईने म्हणाले. स्वस्तात सुटलो असं त्यांना वाटलं.

मुल्लांनी दाढीवरून हात फिरवला. "म्हणजे ठरलं. गाव संशयाचं. मग पोथी दोन्ही दिवस, तसं दानही दोन्ही दिवस. कालचं राहिलंय, आगा. आज दुप्पट करा."

पराती अंगणात गेल्या, मागोमाग कोठीतलं तांदळाचं पोतंही गेलं. मुल्लांनी आशीर्वाद देऊन मरवारीद हे नाव उच्चारलं, आणि तूबाने ते मुलीच्या कानात पुन्हा एकदा सांगितलं, हळू. गोहर हलवा चाखत म्हणाली, "तुझी आई असती तर म्हणाली असती, पीठ अजून भाजायला हवं होतं." तूबा हसता हसता रडली.

तर बाबांनो, पोथीत शूशनचं नाव आलं की तुमच्या डोळ्यांपुढे राजवाडे उभे राहतील; राहू देत. पण त्याच वेळी मरवारीदची आठवण काढा. ती मुलगी मोठी झाल्यावर तिच्याकडे कुणी तिथी विचारून जात नसे. तिच्या दारी केव्हाही गेलं तरी सणच असायचा.