मांजर, पायरी आणि सायकलचं हँडल

पायरीवरून पडली.

मांजरीने पंजा मारला.

साच्यात प्लास्टर ओतताना आत बुडबुडा राहता कामा नये.

चुलतभावाच्या सायकलचं हँडल लागलं.

यातलं तिसरं वाक्य बाबांच्या कामाचं. ते दातांच्या कवळ्या बनवतात. बाकीची उत्तरंही त्यांचीच. बसमध्ये, लिफ्टमध्ये, भाजीच्या दुकानात कुणी पिटुकलीच्या वरच्या ओठावरचा व्रण पाहून "अगं बाई, हिला काय झालं?" म्हटलं, की ते तोंडाला येईल ते ठोकून द्यायचे. विचारणारा गप्प व्हायचा. आई खिडकीकडे तोंड करून हसायची.

पण पिटुकली सगळं ऐकत होती.

आज शाळेत बाईंनी आईला थांबवून घेतलं. "रोज नवा अपघात सांगते हो वर्गात. घरी लेकराकडे कुणी बघतं की नाही?"

संध्याकाळी दोघांनी तिला मधे बसवलं.

"मांजर नव्हती गं," बाबा म्हणाले.

"पायरी?"

"तीही नव्हती."

पिटुकली जिन्याच्या खालच्या पायरीला जाता-येता लाथ मारायची. "मग मी तिला उगीच मारलं?"

"उगीच."

आई म्हणाली, "तू पोटात होतीस ना, तेव्हाच ओठाचे दोन भाग जुळायचे राहून गेले. आतली टाळूही. डॉक्टरांनी नंतर शिवलं. यात कुणाची चूक नाही."

"बाबांची पण नाही?"

"यात नाही. बाकी पुष्कळ आहेत."

पिटुकली हसली. मग म्हणाली, "मी आधी कशी दिसायचे? फोटो दाखव."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. फोटो नव्हता. आता नको, शिवल्यावर काढू, असं बाबा म्हणाले होते आणि आईने मान डोलावली होती. अल्बम सुरू होतो तो टाके निघाल्यावर.

बाबा उठले. कपाटाच्या वरच्या खणातून त्यांनी रुमालात गुंडाळलेला प्लास्टरचा तुकडा काढला. दूध नाकात जाऊ नये म्हणून तिच्या टाळूला प्लास्टिकची पट्टी बसवायची होती, तेव्हाचा वरच्या जबड्याचा ठसा. पट्टी त्यांनीच केली होती.

"हे माझं?" तिने मधल्या फटीत करंगळी घालून पाहिली. करंगळी मावेना.

"तुझंच. बघ, एक बुडबुडा नाही."

आईने तो हातात घेतला, फिरवून पाहिला, परत दिला. "यात ओठ कुठेत?"

ती पिटुकलीकडे वळली.

"तू हसायचीस ना, तेव्हा ओठ दोन्हीकडे उघडायचे, पार नाकापर्यंत. तोंडात मावायचंच नाही हसू. शिवल्यावर सगळे म्हणाले, किती छान झालं. झालंच होतं छान. पण तू पुन्हा हसलीस ती दुसरंच हसू हसलीस. मी आपली पहिलं शोधत बसायचे."

"कसं होतं? करून दाखव."

आईने दोन बोटांनी स्वतःचा ओठ वर ओढला. पिटुकलीनेही ओढला. "अश्शं?"

"नाही गं."

बाबांनीही करून पाहिलं. ते घोड्यासारखे दिसले. पिटुकली खिदळत त्यांच्या अंगावर पडली. आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आता आलं?" पिटुकलीने विचारलं.

"नाही."

ओठ शिवायच्या ऑपरेशनच्या सकाळी नर्स तान्ह्या पिटुकलीला न्यायला आली होती, तेव्हा आई तिला गुदगुल्या करत होती.