फोरमनची गाळणी

"वहिनी, माझं ऐक. बाबांना ते मशीन घेऊन देऊ नकोस. त्यांचा उभा जन्म लोखंडात गेलाय. तू नाणी शोधायला पाठवशील आणि ते पिशवी भरून लोखंड घेऊन येतील. मग मला सांगू नकोस."

नणंदेने फोनवर हे बजावलं तेव्हा सुनेने ते हसण्यावारी नेलं होतं. जमिनीखालचा धातू हुडकणारं मशीन, लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, वर बटणांची पेटी. निवृत्त माणसाला घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं. पाय मोकळे होतील, डोकं गुंतून राहील, घरातली धुसफूस कमी होईल, असा तिचा सरळ हिशेब. शिकलेल्या बाईचे हिशेब सरळच असतात. चुकतात तेही सरळच.

आता बाल्कनीतल्या कुंडीत खिळे होते. साबणाच्या जुन्या डब्यात बोल्ट होते. चपलांच्या फळीवर गंजक्या तारेचं वेटोळं फणा काढून बसलं होतं. तीन वर्षांच्या बबडीला घरात अनवाणी सोडायची चोरी झाली होती. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख सुनेने कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून ठेवली होती, आणि येता-जाता ती त्या गोलाकडे बघून घेत असे.

"काय आणलंत आज?" सासूबाई दारातच विचारत. "खिळे? बरं झालं बाई. कालचे पुरत नव्हते."

"अगं, सेटिंग बसत नाहीये अजून."

"तुमची सेटिंग बसेपर्यंत आम्हाला उठून जावं लागेल घरातून."

सासऱ्यांना सगळे फोरमन म्हणत. बायकोसुद्धा, रागात असली की. बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात लोखंडी पत्र्यांवर घण पडत असताना त्यांनी जन्म काढला होता. एखादी गाडी गल्लीत शिरली की तिचं कुठलं बेअरिंग जायला आलंय ते हे आतूनच सांगत, आणि ते खरंही निघे. "मशीन डोळ्यांनी चालवतो तो कारकून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "कारागीर कानाने चालवतो." म्हणूनच नव्या मशीनच्या पडद्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. आकडे बघायचेच नाहीत. हेडफोनही खोक्यात तसाच पडून होता. त्याने म्हणे कान उकडतात.

सुनेला त्यांच्याबद्दल तक्रार अशी काही नव्हती. पण येत्या सोमवारपासून ती पुन्हा नोकरीवर रुजू होणार होती. सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला निघणार होत्या. नवऱ्याची नोकरी फिरतीची. म्हणजे दिवसभर घरात बबडी आणि फोरमन, दोघंच. ज्याच्या जिवावर पोर टाकायची तो माणूस आधी नीट पारखून घ्यावा, म्हणून त्या दिवशी संध्याकाळी ती बबडीला घेऊन त्यांच्या मागोमाग मैदानावर गेली. सांगितलं मात्र, "हिला जरा हवा लागू दे."

मैदान बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे होतं. पूर्वी तिथे आठवड्याचा बाजार भरायचा. विक्रेत्यांच्या हातून सांडलेली नाणी आणि मांडवांच्या खांबांचे खिळे, दोन्ही एकाच मातीत मुरलेली.

"हे बघ सूनबाई," फोरमन रंगात आले. "ही गाळणी." त्यांनी एक बटण दाखवलं. मशीनच्या पुस्तकातली नावं त्यांना पसंत नव्हती, त्यांनी स्वतःच बारसं केलं होतं. "गाळणी घट्ट केली की मशीन लोखंडाला ओळख देत नाही. खिळ्यावरून गेलं तरी गप्प."

"मग घट्टच ठेवा ना बाबा!"

"तिथंच तर गंमत आहे. नाणं खिळ्याला चिकटून पडलेलं असलं, तर खिळ्याबरोबर तेही गप्प होतं. म्हणून गाळणी सैल सोडायची. आणि हा दम. दम जास्त दिला की मशीन पाताळातलंसुद्धा सांगत बसतं, सगळा कालवा होतो. दम कमी करायचा, चकती हळू फिरवायची आणि ऐकायचं. लोखंड घुरघुरतं. नाणं बारीक गातं."

"गायलं का मग एखादं?"

"गाईल. घाई काय आहे?" फोरमन म्हणाले आणि चालू लागले.

चकती जमिनीलगत डावी-उजवी फिरू लागली. घुर्रऽऽ. फोरमन थांबले, बसले, खुरप्याने उकरलं. खिळा. पिशवीत. पुन्हा घुर्रऽऽ. दाराची बिजागरी. पिशवीत. पुढे दगडाजवळ मशीनमधून एकदम टींऽऽ असा काचेसारखा स्वच्छ आवाज आला. बबडीने टाळ्या वाजवल्या. फोरमन थांबलेच नाहीत.

असतील काही बारकावे, असं सुनेला वाटलं. कुंपणाजवळ पुन्हा टींऽऽ. बबडी ओरडली, "गाणं! आजोबा, गाणं!" फोरमन शांतपणे पुढे गेले, एका घुरघुरीपाशी मांडी ठोकून बसले आणि कोपरभर खड्डा खणून त्यांनी घोड्याचा नाल बाहेर काढला.

"बाबा, मघाशी तो बारीक आवाज आला, तिथे नाही खणलंत?"

"कुठला बारीक?"

"टीं असा. दोनदा आला."

"वारा असेल गं तारेतला," फोरमन म्हणाले आणि नालावरची माती बोटाने पुसू लागले.

वारा औषधालाही नव्हता. सुनेला एकदम थर्मामीटर आठवला. मागच्या महिन्यात बबडीला ताप होता तेव्हा फोरमननी तिच्या काखेत थर्मामीटर धरला होता. सून अंघोळ करून, केस पुसून, बाहेर आली तरी ते तसेच धरून बसलेले. "अजून वाजला नाही," म्हणाले होते. पोर त्यांच्या मांडीवर झोपून गेली होती. सुनेने तेव्हा थर्मामीटरची बॅटरी बदलली होती!

तिचा स्वतःचा आवाज ठणठणीत, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. त्यामुळे तिला आजवर काही जाणवलंच नव्हतं. पण बबडीचा आवाज? झोपेतून दचकून उठल्यावरचं ते किरटं रडणं?

रात्रीच्या भाकऱ्या थापाव्यात तसे शब्द हातात फिरवत तिने स्वयंपाकघरात सासूबाईंना गाठलं.

"आई, बाबांना बारीक आवाज ऐकूच येत नाहीत."

सासूबाईंनी आधी दार लोटून घेतलं. "कळलं का तुला? कुणाजवळ बोलू नकोस."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, पुटपुटलं की त्यांना पोचत नाही, हे माझ्या कधीच लक्षात आलंय. लग्नाला एवढी वर्षं झाली, आत्ता कुठे शेवटचा शब्द माझा व्हायला लागलाय. तेवढं सुख तरी राहू दे मला."

"आई, चेष्टा नाही. सोमवारपासून बबडी त्यांच्याजवळ एकटी असणार."

सासूबाईंचा हात थांबला. हसू मावळलं. "मीही तेच मनात धरून बसलेय," त्या म्हणाल्या. "पण सांगणार कोण? त्या माणसाने कानांच्या जोरावर मान मिळवलाय. डॉक्टरचं नाव काढलंस तर ताटावरून उठतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोरमन वामकुक्षी करत असताना सुनेने मशीनचं पुस्तक काढलं. गाळणी आणि दम सोडून आणखी एक बटण होतं. कुठल्या धातूला कुठला सूर द्यायचा, ते त्याच्यावर ठरे. तिने चिकटपट्टीची कड हळूच उचलली आणि नाण्यांचा सूर तळाशी नेला, जाडाभरडा. लोखंडाचा सूर चढवत चढवत पार टोकाला नेला. एवढ्या उंचीवर, की फोरमनच्या लेखी मैदानातलं सगळं लोखंड नाहीसंच व्हावं. पट्टी पुन्हा बसवली. निदान एक नाणं मिळू दे, खुशीत असले की हळूच विषय काढू, हा तिचा बेत. हिशेब पुन्हा सरळच.

संध्याकाळी तिघांनी मैदानावर पाऊल टाकलं आणि मशीनने किंकाळी फोडली. पहिला खिळा. मग दुसरी किंकाळी. मग तिसरी. फोरमन मात्र देवळात शिरल्यासारख्या शांत चेहऱ्याने चालत होते. "आज जमीन कशी स्वच्छ लागतेय बघ!" ते मागे वळून म्हणाले. मागे सुनेच्या अंगावर काटा आला होता. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका गृहस्थांचं कुत्रं कान पाडून बाकाखाली गेलं, आणि मालक दोरी ओढत त्याची समजूत घालत बसले.

मग घूंऽऽ असा भरदार आवाज झाला. फोरमन जागच्या जागी थबकले. गुडघ्यांवर बसले, खुरपं बाजूला ठेवलं आणि बोटांनी माती सारली. मातीतून हिरवट पडलेलं एक जुनं नाणं वर आलं. त्यांनी ते विजारीवर नाही, थेट शर्टाच्या खिशावर घासलं आणि बबडीच्या तळहातावर ठेवलं.

"बसली सेटिंग!" ते ओरडले. "सांग तुझ्या आजीला, बसली म्हणावं!"

सुनेला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात बाकाजवळचे गृहस्थ आले. "काका, अभिनंदन. पण ते मशीन जरा बघून घ्या हो. केव्हाचं केवढ्यांदा किंचाळतंय. आमचं कुत्रं बाहेर यायला तयार नाही."

"किंचाळतंय?" फोरमन म्हणाले. "कुठे?"

ते गृहस्थांकडे बघत राहिले. मग मशीनकडे. मग सुनेकडे, आणि तिने मान खाली घातली.

फोरमननी पिशवीतून कालचा एक खिळा काढला, जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावरून चकती नेली. बघत मात्र ते मशीनकडे नव्हते. ते बबडीच्या तोंडाकडे बघत होते. बबडीने डोळे गच्च मिटून दोन्ही कानांवर हात दाबले. त्यांनी चकती मागे घेतली, बबडीने हात काढले. पुन्हा पुढे नेली, पुन्हा हात कानांवर. कारखान्यात एखादं यंत्र बिघडलं की ते असंच करत असणार. दोनदा करून बघायचं आणि मगच बोलायचं.

"सूर कुणी बदलला?"

"मी, बाबा."

"लोखंड वर नेलंस?"

"हो."

"चांगलं केलंस," ते म्हणाले. खिळा उचलून त्यांनी पिशवीत टाकला. "म्हणजे गाळणी मशीनला नव्हती. माझ्याच कानाला बसली होती, आणि घट्ट बसली होती." मग त्यांनी विचारलं, "ही रात्री उठते तेव्हा रडते का गं?"

सुनेने बबडीला जवळ ओढलं. "रडते."

"मला वाटायचं, शहाणी आहे. आपली आपण झोपते." त्यांनी मशीन बंद केलं. "सोमवारी मला हिच्याजवळ एकटं ठेवू नकोस."

ताटावरून वगैरे कुणी उठलं नाही. दुसऱ्याच दिवशी ते स्वतःहून कानाच्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी डॉक्टरांना सगळ्यात आधी विचारलं, "या कानातल्या मशीनला गाळणी आहे का? म्हणजे असं, की नातीचं रडणं यावं, पण बायकोचं बोलणं आलं नाही तरी चालेल." सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. "हो का!" त्या पुटपुटल्या नाहीत, खणखणीत म्हणाल्या. "मग तुमच्या त्या कुंड्यांतल्या खिळ्यांचं काय करायचं, तेही आत्ताच ऐकून घ्या." डॉक्टरांनी कागदात डोकं घातलं.

कानातलं मशीन मापाने बनून यायला वेळ लागणार होता. सुनेने ऑफिसात फोन करून रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून घेतली, त्यासाठी साहेबांची चार बोलणीही खाल्ली. पण मंगळवारी दुपारी बाल्कनी झाडून ती घरात आली, तेव्हा बबडी झोपली होती आणि फोरमन तिच्या लाकडी पलंगापाशी खुर्ची ओढून बसले होते. डोळे खिडकीबाहेर आणि उजव्या हाताचा पंजा पलंगाच्या कठड्यावर सपाट टेकलेला. चालत्या यंत्रावर टेकवतात तसा. पोर आत कूस बदलायची, तशी त्यांची बोटं किंचित हलायची.

सून दाराशी उभी राहिली. तिने हाक मारली नाही.

तुमच्या घरातही असेल एखादं माणूस, प्रत्येक गोष्टीला नुसतं "हो, हो" म्हणणारं, चारचौघांत सगळे हसले की मागाहून हसणारं. आज जाऊन बघून या. त्यांच्या पाठीमागे उभं राहून हलक्या, बारीक आवाजात एक हाक मारा. वळले नाहीत, तर आवाज चढवू नका. समोर जा आणि आधी त्यांच्याशेजारी बसा.