तीन घंट्यांची वाट

"उचलायचं न्हाई म्हणते ना मी!"

बायनाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली, तसे तिरडी बांधणारे हात थांबले.

तिचा नवरा लिंबाजी रात्री गेला होता. आता वैशाखाचं ऊन चढलं होतं, जमलेली माणसं सावली धरून सरकत होती आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. मयत इतका वेळ ठेवायची रीत मानवत गावात नव्हती. पण एकुलता एक मुलगा पंडित दुबईत, आणि बापाच्या तोंडात पाणी त्यानंच घालायचं, असा बाईचा हट्ट.

"वैनी, दुबई काय शेजारची पाथरी हाय का?" चुलतदीर सटवाजी म्हणाला.

"तीन घंट्यांची वाट हाय. मास्तरलाच इचारा की!"

शेजारच्या दिनकरराव मास्तरांनी मान खाली घातली. दोन वर्षांपूर्वी पंडित निघाला तेव्हा बाईनं अन्नपाणी सोडलं होतं. धीर द्यावा म्हणून मास्तरच म्हणाले होते, मुंबईला विमानात बसलं की तीन तासांत दुबई. बाईनं तेवढंच धरून ठेवलं. लेक नांदेडला दिलेली, तिच्याकडे एसटीनं जायला तीनच तास लागत. आयुष्यभर तिनं वाट तासांवरच मोजलेली, मैलांशी तिला काय करायचं होतं? पोरगं नांदेडइतकंच लांब आहे, असं मानून बिचारीनं दोन वर्षं काढली.

"सांजच्याला मंबईत उतरंल, रातच्या रेल्वेत बसंल, दिस उगवायला दारात," ती म्हणाली. "तवर बरफावर ठिवू."

आणि परभणीहून खरंच बर्फ आला. भुशात गुंडाळलेली लादी वाटेतच निम्मी झाली होती. लोक ती उतरवून घेत होते, तेवढ्यात व्यंकटराव आडत्यांकडून माणूस पळत आला. दुबईचा फोन लागला होता. लिंबाजीनं जन्मभर त्यांच्याच आडतीवर कापूस तोलला. तिथूनच मास्तरांनी पहाटे पंडितच्या कामावर निरोप ठेवला होता.

बाई मास्तरांबरोबर गेली. रिसीव्हर तिनं दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"आई! पासपोर्ट मालकाजवळ हाय. त्यो देईना. लय हातापाया पडलो गं, सोडंना त्यो मला."

पासपोर्ट म्हणजे काय हे तिला कुठलं माहीत! पण पोरगं कुणाच्या तरी मुठीत आहे, हे तिला कळलं. ती तिथल्याच कापसाच्या पोत्यावर टेकली.

"आई, आबाला माझ्यासाठी ठिवलं का तुमी? ह्या असल्या उन्हात?"

बाईनं एकदा मास्तरांकडे बघितलं.

"न्हाई रं राजा," ती म्हणाली. "तांबडं फुटायलाच समदं उरकलं. सटवाजीनं पाणी दिलं, अग्नी दिला. सुखानं गेले बघ. तू रडू नगंस. जेवलास का?"

पलीकडे पंडित हमसून हमसून रडला. मग लाईन तुटली.

व्यंकटरावांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिनं घेतला नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून ती भर उन्हात अनवाणी निघाली. मास्तरांना तिला गाठता येईना. दारात लोक बर्फ फोडत बसले होते.

"ऱ्हाऊ द्या ते," ती म्हणाली. "सटवाजी, पाणी घाल त्यांच्या तोंडात. आन् बिगीबिगी उचला. पोराला उरकलं म्हणून सांगून आलेय मी."