डाव्या अंगाचा बैल

ठाण्याजवळच्या बाळकुमच्या पाखाडीत, त्या ख्रिस्ती वस्तीत, फेलिक्सइतका बडबड्या गाडीवान दुसरा नव्हता. माणसांशी बोलून उरलेलं सगळं तो बैलांशी बोले. बोंबील काय भावाने गेले, रविवारी मिसाच्या प्रार्थनेला फादर कोणावर घसरले, सासूचा गुडघा कसा आहे, हे सगळं तो ठाण्याच्या बंदरापासून घरापर्यंत डाव्या बैलाला ऐकवत येई. त्याची बायको ॲडेलिन म्हणायची, "लगीन माझ्याशी लागलं नि संसार बैलाशी चाललाय."

त्या डाव्या बैलाचं नाव पाद्री. अंगाने काळाभोर आणि गळ्याभोवती पांढरा पट्टा, म्हणून फेलिक्सच्या बापाने ठेवलेलं. खऱ्या पाद्र्याच्या कानावर ते गेलं तेव्हा त्याने बापलेकांना चांगलंच फैलावर घेतलं, आणि तेव्हापासून देवळाच्या आसपास बैलाचं नाव काळ्या झालं. बैलाला दोन्ही नावांशी काही कर्तव्य नव्हतं. त्याला फेलिक्सचा आवाज कळे. "हं राजा" म्हटलं की निघायचं आणि "होऽ बाबा" म्हटलं की जागच्या जागी थांबायचं. फेलिक्सच्या हातात आसूड असे तो माश्या हाकलण्यापुरता.

अठराशे एकोणनव्वदच्या पावसाळ्यात गुरांमध्ये बुळकांडीची साथ आली आणि फेलिक्सचा उजवा बैल तीन दिवसांत गेला. पाद्री वाचला. पण एका बैलावर गाडी चालत नाही. जुवाच्या एका टोकाला बैल आणि दुसऱ्या टोकाला नुसती हवा, अशी गाडी जगात कुठे पाहिली आहे? गाडी दारात उभी राहिली आणि दोन महिन्यांत तिच्या चाकांवर पाखाडीतल्या कोंबड्या रात्रीला बसू लागल्या. घरात दोन मुली, म्हातारी सासू, आणि हंड्यातला तांदूळ रोज बोटभर खाली जाणारा.

त्याच सुमाराला मुंबईला पाणी नेणाऱ्या मोठ्या नळाचं काम बाळकुमजवळ आलं. खडी, चुना आणि विटा बंदरावरून वाहून न्यायला गाड्या हव्या होत्या. कल्याणच्या त्र्यंबकराव नावाच्या कंत्राटदाराने ठाण्यात गाड्यांचा तळ टाकला होता. फेलिक्स पाद्रीला घेऊन तिथे गेला तेव्हा त्र्यंबकराव सुपारी कातरत बसले होते. त्यांनी एकदा पाद्रीकडे पाहिलं आणि मग बराच वेळ पाहतच राहिले.

"बैल नामी आहे तुझा," ते म्हणाले. "तुझ्यापुढे दोन वाटा आहेत, फेलिक्स. हा बैल मला वीक आणि माझ्या गाडीवर पगारी गाडीवान म्हणून बस. नाहीतर माझा एक बैल भाड्याने ने, तुझ्या बैलाच्या जोडीला लाव, आणि स्वतःच्या जिवावर गाडी हाक. भाडं रोजच्या रोज. दोन वर्षं नीट भरलंस की माझा बैलही तुझा."

"नि काम नसलं त्या दिशी?"

"भाडं रोजचं म्हणालो ना."

त्या संध्याकाळी घरात याचीच चर्चा. ॲडेलिनचा भाऊ सिल्वेस्टर वर्षभर त्र्यंबकरावांकडे पगारी गाडीवान होता. तो ओटीवर बसून सांगू लागला, "चाक मोडलं तं मालकाचं. बैल आजारी पडला तं मालकाचा. मी घोंगडी घेऊन निजतंय. रविवारी गोऱ्या सायबाचं काम बंद, तवा मिसाला पण जाता येतं. तुना अजून काय पायजे?"

"नि बैल कोनाचा?" फेलिक्सने विचारलं.

"मालकाचा. गाडीवान नि बैल दर महिन्याला बदलतात. कोनी चारा चोरू नये म्हनून."

पाद्रीला फेलिक्सने वासरू असल्यापासून वाढवलं होतं. बाप गेला त्या दिवशी सगळे नातेवाईक रडून जेवायला बसले, तेव्हा हा गोठ्यात जाऊन त्याच बैलाच्या मानेवर डोकं टेकून रडला होता. तो विकायचा, आणि वर दर महिन्याला दुसऱ्याच्या हातात गेलेला पाहायचा?

"तू नोकरी घे," ॲडेलिन म्हणाली. "मना पोरींच्या तोंडात भात दिसला पायजे. बैलाचं मागून बगू."

"दोन वर्सांत दोन बैल आपले होतील, ॲडेलिन. नोकरीत वीस वर्सं काढली तं काय आपलं होईल?"

तिच्याकडे याला उत्तर होतं, पण नवरा आधीच मनाने तळावर जाऊन बैल निवडत बसला आहे हे तिला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी फेलिक्सने बैल निवडला. दात पाहिले, खूर ठोकले, वशिंड दाबलं, शेपटीजवळचा भोवरा शुभ की अशुभ तेही पाहिलं. पांढरा, तरणाबांड बैल. मागे आणखी दोघे जण त्याच बैलाकडे डोळे लावून उभे होते, म्हणून त्याने भाड्याच्या कागदावर घाईने अंगठा उठवला. आणि ज्या एका गोष्टीची चौकशी गाडीवानाची पोरंसुद्धा पहिल्यांदा करतात, तीच करायची राहिली. हा बैल जुवाच्या कोणत्या अंगाला चालतो, हे त्याने विचारलंच नाही. गेलेला बैल उजव्या अंगाचा होता. त्याच्या जागी बैल आणायचा, तर तो उजव्याच अंगाचा असणार, असं हा भला माणूस मनाशी धरून चालला होता.

घोटाळा पहिल्याच सकाळी कळला. पांढऱ्याला उजवीकडे जुंपलं की तो बिथरे, गाडी आडवी घेई आणि शेवटी रस्त्यातच बसकण मारी. तो जन्मभर डावीकडे चाललेला. पाद्रीही डावीकडचाच. लहानपणी ज्या अंगाला शिकवलं त्या अंगाची सवय बैलाला लागते, ती म्हातारपणी सुटत नाही. दोन डावे बैल आणि एक जू! फेलिक्स तसाच तळावर गेला.

"बदलून द्या, त्र्यंबकराव. हा डाव्या अंगाचा हाय."

"आहेच मुळी," त्र्यंबकराव शांतपणे म्हणाले. "तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"तुमी माझा बैल बघितलेला. तो पन डावा, तुमाला ठावं होतं."

त्र्यंबकरावांनी अडकित्ता खाली ठेवला. "बदली कागदात नाही. बैल परत आणलास तर सहा महिन्यांचं भाडं भरावं लागेल, ते मात्र कागदात आहे. वाचून दाखवू?"

फेलिक्सला वाचून नको होतं. तो घरी आला आणि त्याने त्यातल्या त्यात सोपी वाट धरली. पांढरा ऐकत नव्हता, पाद्री ऐकत होता. त्याने पांढऱ्याला डावीकडे घातलं आणि पाद्रीला उजवीकडे. पाद्री क्षणभर थांबला, मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "हं राजा," फेलिक्स म्हणाला. पाद्री निघाला. जो ऐकतो त्याच्याच मानेवर ओझं येतं, हे फेलिक्सला त्या दिवशी समजलं आणि त्याची त्याला लाज वाटली.

मग भाड्यामागे धावणं सुरू झालं. पगारी गाडीवान रविवारी न्हाऊनमाखून मिसाला जात, आणि हा मालक म्हणवणारा गाडीवान कोपर गावाकडे सरपणाच्या खेपा शोधत फिरे, कारण भाड्याला रविवार नव्हता. ॲडेलिन मुलींना घेऊन एकटी देवळात बसे. फादरने विचारलं तर खाली बघे. पाद्रीला उजवीकडून ओढताना मान वाकडी धरावी लागे. जू एकाच जागी घासे. तिसऱ्या आठवड्यात खांदा सुजला. पाचव्या आठवड्यात सूज फुटली.

फेलिक्सने हळद आणि तेल लावलं, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी केलं, जुवाला चिंध्या बांधल्या. घरातल्या चिंध्या संपल्या तेव्हा लग्नातला स्वतःचा डगला फाडला.

"पंधरा दिस विसावा पायजे याला," सिल्वेस्टर जखम पाहून म्हणाला. "नायतं यात किडे पडतील. मग वाचत नाय."

पंधरा दिवस विसावा म्हणजे पंधरा दिवस गाडी बंद. घरात तीन दिवसांचा तांदूळ. फेलिक्सने सगळ्या बाजूंनी विचार केला आणि जिकडे जावं तिकडे भिंतच लागली. गाडी चालू ठेवली तर पाद्री मरतो. बंद ठेवली तर घर उपाशी राहतं, आणि वर भाडं चुकलं म्हणून त्र्यंबकराव पाद्रीला ओढून नेतात. दुपारी तो गोठ्यात गेला. पाद्रीने सवयीने त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. जखमेचा वास येत होता. फेलिक्स त्याला काहीतरी सांगायला गेला आणि त्याला रडू फुटलं, मोठ्याने, शेजारी ऐकतील याचीही पर्वा न करता.

मग डोळे पुसून त्याने बैल सोडला आणि तळावर नेला.

"विकतंय," तो त्र्यंबकरावांना म्हणाला. "पांढरा पन घ्या, कागद फाडा. तुमच्याकडं जास्तीचे बैल हाईत. याला महिनाभर विसावा द्या नि मग डावीकडं जुंपा. डावीकडं जुंपला का सोनं हाय तो. मी तुमच्याकडं पगारावर ऱ्हातंय. फक्त याची गाडी मना द्या."

"होईल, होईल," त्र्यंबकराव म्हणाले. पहिल्या दिवशी विकला असता तर जो भाव आला असता त्याच्या निम्म्याने त्यांनी बैल घेतला, आणि पांढरा परत घेऊन कागद फाडला. पाद्री जखमी होता ना.

एवढं मात्र खरं, की विसावा त्यांनी दिला. माल आपला झाल्यावर कोण खराब करतो? महिन्याभराने पाद्रीची जखम भरली, अंगावर तुकतुकी आली. फेलिक्स रोज लांबून पाही. त्याला तेवढ्यातही बरं वाटे. पोरींना दोन वेळा भात मिळत होता, ॲडेलिनच्या कपाळावरची आठी उतरली होती.

पाद्रीला जुंपायचा दिवस आला. मुकादम धोंडीबाने गाड्या वाटल्या. फेलिक्सला चौथी गाडी. पाद्रीची गाडी पाचवी, आणि तिच्यावर सिल्वेस्टर.

"त्र्यंबकराव बोललेले, याची गाडी मना देतील," फेलिक्स म्हणाला.

"मला नाही बोलले," धोंडीबा म्हणाला. "चला, निघा."

बारा गाड्यांची रांग बंदरावरून निघाली. पहिल्या चढाला पुढची गाडी अडली, तेव्हा फेलिक्स आपल्या बैलांना सवयीने म्हणाला, "होऽ बाबा." त्याचे नवे बैल चालतच राहिले, कासरा ओढून थांबवावे लागले. मागे मात्र पाद्री जागच्या जागी थांबला. पुढची वाट मोकळी झाली, सिल्वेस्टरने हाकललं, पाद्री हलला नाही. मागच्या सात गाड्या खोळंबल्या. धोंडीबा ओरडत आला. सिल्वेस्टरने आसूड उचलला आणि त्या काळ्या पाठीवर दोन ओढले. पाद्री तरी हलला नाही. तो कान टवकारून पुढच्या गाडीकडे बघत होता.

"हं राजा," फेलिक्स मागे वळून न पाहता म्हणाला. पाद्री निघाला.

दुपारपर्यंत असं तीनदा झालं. फेलिक्सची जीभ त्याच्या ताब्यात नव्हती. तीस वर्षांची सवय. प्रत्येक वेळी मागून आसुडाचा आवाज येई. पाणी पाजायला गाड्या थांबल्या तेव्हा सिल्वेस्टर त्याच्याजवळ आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"फेलिक्स, तू बोललंस का तो थांबतो," तो म्हणाला. "थांबला का मना मारायला लागतं. मुकादम बघतो. मी काय करू?"

फेलिक्सने मान हलवली. पाद्री पाच पावलांवर उभा होता. त्याने फेलिक्सला पाहिलं होतं आणि आता तो वाट बघत होता, बोंबलांची, फादरची, सासूच्या गुडघ्याची. फेलिक्स त्याच्या बाजूने गेला आणि तोंडातून ब्रसुद्धा न काढता आपल्या गाडीवर चढला. उरलेला दिवस त्याने नव्या बैलांना नुसत्या कासऱ्याने आणि आसुडाने हाकललं. मागे एकदाही आसूड वाजला नाही.

असेच दिवस गेले. सवय रस्त्यापुरती ठेवता येत नाही, ती घरातही आली. बारा वर्षं नवऱ्याच्या बडबडीला वैतागलेली ॲडेलिन एका संध्याकाळी ताट वाढून त्याच्यासमोर बसली.

"कायतरी बोल ना रे," ती म्हणाली. "माझ्याशी तं बोल."

फेलिक्सने तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटून घेतलं.