आरशामागची मनोरमा

बर दुबईच्या त्या बोळात दोन घरांच्या वरच्या खिडक्या इतक्या जवळ होत्या, की समोरासमोर हात पुढे झाले की वाटी या घरातून त्या घरात जायची. इकडे मनोरमा, तिकडे रत्नागिरीची मरियमबी. मैत्री जुनी, पण भेटायला म्हणून जिना दोघींपैकी एकीनेही उतरला नव्हता. वाटी रिकामी परत करायची नाही, एवढाच नियम. त्यामुळे हिशेब कधी मिटला नाही आणि तो मिटावा असं कुणाला वाटलंही नाही.

दोन हजार तीन साली दुसरा नियम आला, नगरपालिकेचा. घरमालकाला वर मजला चढवायचा होता. परवाना हवा तर जुन्या खिडक्या बदला, बाहेरचं ऊन आत नको, आतला गारवा बाहेर नको. मनोरमाचे यजमान विष्णू कंत्राटदाराकडे ड्राफ्ट्समन, म्हणून मालकाने निवड त्यांच्यावर सोपवली. घरात हुकूम चालवायची संधी त्यांना क्वचित मिळे. त्यांनी न उघडणारी, बाहेरून चकाकणारी दुहेरी काच निवडली. उघडणारी खिडकी म्हणजे गळका माठ, असं जेवताना समजावलंही. मनोरमाने विचारलं, मग वाटी कुठून द्यायची?

"अगं, जिना आहे ना," ते म्हणाले आणि आमटी ओरपू लागले.

मिस्त्रींनी वाळवीने पोखरलेली चौकट उचकटली, नवी बसवली, कडेने रबर दाबलं आणि 'खलास' म्हणून निघून गेले. बोळ मुका झाला. खाडीतल्या अब्रा होड्यांची फटफट, देवळातली घंटा, सगळं पाण्याखाली गेलं. खोलीत हिरवट गारवा तरंगू लागला. आपण मासोळी झालो आहोत आणि जग काचेपलीकडे हळूहळू पोहत चाललंय, असं मनोरमाला वाटलं.

तेवढ्यात मरियमबी खिडकीत आली. मनोरमाने हात हलवला. मरियमबीने थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं, ओढणी सारखी केली, दातात अडकलेलं नखाने काढलं आणि पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिने पडदाच ओढून घेतला.

मनोरमाने मनातली वही उघडली. सांदणं आलेली वाटी अजून आपल्याकडेच. बाई त्यावरून रुसली. ती रोज वाटीत नारळाची वडी ठेवायची, समोरचा पडदा पाहायची आणि संध्याकाळी फणकाऱ्याने वडी डब्यात परत टाकायची. आधी आपण कशाला वाकायचं?

एकदा या फणकाऱ्यात दिवेलागणीला रोजच्यासारखा आपला पडदा ओढायचा राहिला. बाहेर अंधारलं, आत समई लागली. समोरचा पडदा हलला. मरियमबी टक लावून पाहत राहिली, विहिरीच्या तळातून कुणी वर येताना पाहावं तशी. मग तिने हाताने वाटीचा आकार केला आणि बोट खाली दाखवलं.

मनोरमा वाटी घेऊन जिना उतरली.

खाली मरियमबी केवढीशी निघाली. वर ती पाटावर उभी राहत असणार.

"आरसा लावलास बाय," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला माझं तोंड बघायचं नाही, म्हणून माझंच मला दाखवतेस."

"मी रोज आत उभी होते."

मरियमबीने आठवून पाहिलं. "दात कोरताना पण?"

"पण."

ती ओढणीत हसली आणि वाटी घ्यायला हात पुढे केला. तेव्हा दोघींनीही वाटीत पाहिलं. वडी डब्यात गेली होती.

"रिकामी घेणार नाही हां," मरियमबी पायरीवर बसत म्हणाली. "जा, भरून आण. मी आहे हितंच."