सासरे आणि वर एक खुर्ची

मोसम सुरू झाला तेव्हा शहराचा बास्केटबॉल संघ, म्हणजे पिवळे, यंदा चषक आणणार याबद्दल शहरात दुमत नव्हतं. न्हाव्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळे तेच सांगत होते. अर्धा मोसम सरला आणि पिवळे असे हरायला लागले, की बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी बास्केटवर झाकण बसवून गेलंय.

चष्मेवाल्याला या हरण्याचं कारण सापडलं होतं. ते कारण दर रविवारी दुपारी त्याच्याच घरी यायचं, त्याच्याच आरामखुर्चीत पाय लांब करून बसायचं आणि सामना संपेपर्यंत तोंडाला खीळ घालायचं नाही. कारण म्हणजे त्याचे सासरे.

सासऱ्यांची हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. जन्मात त्यांनी बास्केटबॉल हातात धरला नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पिवळ्यांचा बचाव ढिला पडला की ते ओरडायचे, "दार उघडं राहिलंय! आधी दार लावा!" संघातला सर्वात उंच गडी, ज्याला सगळे खांब म्हणत, त्याने उडी मारायला उशीर केला की म्हणायचे, "हा पुन्हा दोन मजल्यांच्या मध्ये अडकला." त्यांच्या स्वतःच्या घरी रविवारी दुपारी सासूबाईंची शिवणाची शिकवणी असे. मशीन चालू असताना टीव्हीचा आवाज सासूबाईंना खपत नसे. म्हणून सासरे धाकट्या लेकीकडे, म्हणजे चष्मेवाल्याकडे येत.

एवढ्यावरही भागलं असतं. पण भिंगरीचा प्रश्न आला आणि घरात दर रविवारी महायुद्ध सुरू झालं.

भिंगरी हा पिवळ्यांचा सर्वात बुटका आणि सर्वात जुना खेळाडू. चेंडू घेऊन असा गरगर फिरायचा की समोरच्याला घेरी यावी. पण आता त्याचे गुडघे कुरकुरत होते. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत आली होती आणि सगळीकडे एकच चर्चा होती, की भिंगरी निळ्यांना देऊन टाकावा आणि त्यांच्याकडचा लांबून अचूक नेम धरणारा तो तरणा पोरगा आणावा.

"द्यायलाच पाहिजे," चष्मेवाला म्हणायचा. "भावनेवर चषक मिळत नाहीत, बाबा."

"भिंगरीला हात लावाल तर याद राखा," सासरे म्हणायचे. जसं काही भिंगरी चष्मेवाल्याच्या दुकानातल्या कपाटात ठेवलेला होता.

मग एका रविवारी व्हायचं ते झालं. शेवटची काही सेकंदं उरलेली, पिवळे एका गुणाने मागे, आणि भिंगरीला दोन फ्री थ्रो मिळाले. सासरे त्याला धीर द्यायला उठले आणि थेट टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले. चष्मेवाल्याला त्यांच्या स्वेटरची पाठ तेवढी दिसली. प्रेक्षकांच्या हाय हाय ओरडण्यावरून कळलं की दोन्ही चेंडू चुकले.

"मी उभा राहिलो म्हणून निदान रिंगला तरी लागले," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला दुकान उघडायच्या आधी साडूकडे गेला. साडूचं टायरचं दुकान होतं. माणूस आडवातिडवा, आवाज त्याहून आडवा, आणि सौदा म्हटलं की डोळ्यांत चमक. साडूही पिवळ्यांचाच, पण भिंगरीच्या बाजूचा. दोघांनी आधी रीतसर वाद घातला.

"भिंगरी म्हणजे झिजलेला टायर आहे, साडूभाऊ," चष्मेवाला म्हणाला. "नक्षी गुळगुळीत झाली. ओल्या रस्त्यावर घसरणार."

"टायरातलं तुम्ही मला सांगू नका. आणि तुमचा तो नेमबाज? नवा टायर सगळ्यांचाच काळाभोर दिसतो. पहिल्या खिळ्यावर कळतं."

असा बराच वेळ खल झाल्यावर साडूने सुस्कारा सोडला. "बरं वाटलं हो. निदान कुणाशी तरी भांडता आलं. रविवारी आमच्याकडे आपला मेहुणा असतो. पहाटेपासून बेकरीत भट्टीसमोर उभा राहतो, दुपारी माझ्या सोफ्यावर लवंडतो. तीन क्वार्टर झोपतो, चौथ्यात डोळे उघडून विचारतो, पिवळे कोणते?"

चष्मेवाल्याच्या डोक्यात त्या क्षणी जे आलं, ते त्याने नंतर बायकोला कितीही समजावलं तरी तिला पटलं नाही. त्याला स्वतःला मात्र ते फारच सोपं वाटलं होतं. "सामन्याच्या वेळी शांत असतो का तो?"

"मेलेला मासा जास्त बोलतो."

"मग मला द्या. तुम्ही बाबांना घ्या."

साडूने हातातला पाना खाली ठेवला, रुमालाने हात पुसले आणि गिऱ्हाइकासमोर बसावं तसा स्टूल ओढून बसला.

"मेहुणा येताना ताजा पाव आणतो. गरम असतो. बाबा काय आणतात?"

"अनुभव."

"अनुभव लोण्याबरोबर खाता येत नाही. वर काहीतरी टाका."

"काय टाकू?"

"तुमची आरामखुर्ची. नाहीतर ते माझ्या सोफ्यावर बसतील, आणि एकदा बसले की हलणार नाहीत." साडूने जरा विचार केला. "आणि सासूबाईंच्या मैत्रिणींची पुढच्या वर्षीची सहल तुम्ही सांभाळायची. गाडी, डबे, उलट्या, सगळं."

चष्मेवाला घासाघीस करून बघत होता, पण साडूसमोर त्याची डाळ शिजली नाही. शेवटी हातावर हात पडले. बायकांना सांगायचं नाही, हे दोघांनी न बोलताच ठरवलं. सासऱ्यांना सांगायचं की चष्मेवाल्याचा टीव्ही बिघडलाय. खुर्ची पॉलिशला गेली असं चष्मेवाल्याने घरी सांगितलं. बायको म्हणाली, "पॉलिशला? तिला कापड लावलंय." तो म्हणाला, "पायांना."

रविवारी मेहुणा आला. पाव खरंच गरम होता. "बसू का, भाऊजी?" एवढं बोलला, बसला, आणि पहिला क्वार्टर संपायच्या आत घोरायला लागला. चष्मेवाल्याने समाधानाने पाय पसरले. खोलीत शांतता. टीव्हीसमोर कुणीही उभं नाही. आणि पिवळे जिंकत होते!

पण काहीतरी चुकत होतं. खांबाने रिंगवरून उसळलेला एक अशक्य रिबाउंड पकडला, तेव्हा चष्मेवाला ताडकन उठला आणि सवयीने उजवीकडे वळून म्हणाला, "बघितलंत?" उजवीकडे मेहुण्याच्या ओठांवर पावाचा चुरा होता. भिंगरीने एक सोपा पास घालवला, तेव्हा चष्मेवाल्याच्या तोंडात एक झणझणीत वाक्य तयार झालं, पण ऐकवायचं कुणाला? शेवटी त्याने साडूला फोन लावला. पलीकडून आधी सासऱ्यांचा आवाज आला, "वरच्या मजल्यावर ने! वर ने त्याला!" मग साडूचा ठसका आणि हसू. "नंतर बोलतो हो, इथे धमाल चाललीय," असं म्हणून साडूने फोन ठेवून दिला.

पिवळे जिंकले. चष्मेवाल्याने उरलेला पाव एकट्याने खाल्ला.

खोट्याचे पाय लंगडे असतात, आणि इथे तर खोटं खुर्चीच्या पायांवर उभं होतं. त्याच संध्याकाळी दोघी बहिणी फोनवर बोलल्या. थोरली म्हणाली, "तुमची खुर्ची आमच्याकडे का पाठवलीस गं?" धाकटी म्हणाली, "तुमच्याकडे कशी? ती पॉलिशला आहे." थोरली म्हणाली, "आणि टीव्ही बिघडला म्हणे?" धाकटीने समोर चालू असलेल्या टीव्हीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

त्याने सगळं कबूल केलं. दोघींनी मिळून ते बाबांच्या कानावर घातलं, आणि बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी चष्म्याच्या दुकानात हजर झाले. एक म्हातारे गृहस्थ समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत बसले होते. सासरे त्यांच्या शेजारीच बसले.

"जावईबापू, मला विकलंत म्हणे."

"विकलं नाही हो, बाबा. अदलाबदल केली."

"कुणाच्या बदल्यात?"

चष्मेवाला काचा पुसायला लागला. "मेहुण्याच्या."

"त्या झोपाळूच्या?" सासऱ्यांनी मान हलवली. "हरकत नाही. पोरगा माझाच आहे. घरातला माल घरात राहिला. पण वर खुर्ची घातलीत ते खरं का?"

"साडूभाऊंनी मागितली."

"म्हणजे एका झोपणाऱ्या माणसाइतकीही माझी किंमत भरेना!" सासऱ्यांचा आवाज चढला. "वर लाकूड टाकावं लागलं! आणि सहल?"

"सहलसुद्धा," चष्मेवाला पुटपुटला.

पाटी वाचणारे गृहस्थ मध्येच म्हणाले, "माझ्या जावयाने मला फुकट देऊन टाकलं असतं हो." पण सासऱ्यांना त्याने काही बरं वाटलं नाही. ते उठले, कोट झटकला आणि दारातून म्हणाले, "आजपासून मी कुणाच्याही संघात नाही." आणि गेले.

त्यानंतरच्या रविवारी ते कुणाकडेच गेले नाहीत. मेहुणाही आला नाही. त्याला थोरल्या बहिणीने सरळ सांगितलं होतं, की झोपायचंच असेल तर स्वतःच्या घरी झोप. दोन्ही साडू आपापल्या घरी एकेकटे बसले. पिवळे हरले, आणि दोघांनाही दोष द्यायला माणूस मिळाला नाही.

मग एका शनिवारी संध्याकाळी बातमी आली. भिंगरी निळ्यांकडे गेला. नेमबाज पिवळ्यांकडे आला. चष्मेवाल्याला हवं होतं तेच झालं होतं. त्याने बातमी एकदा वाचली, पुन्हा वाचली. आनंद कुठेतरी असेल म्हणून जरा वाट बघितली. मग बायकोला म्हणाला, "बाबांना कळलं असेल का गं?"

"कळलं असणार. उद्या जा आणि बघून या."

दुसऱ्या दिवशी दुपारी सासऱ्यांच्या जिन्यावर त्याला साडू भेटला. त्याच्या हातात मेहुण्याकडून आणलेला पाव होता. दोघं एकमेकांकडे न बघता वर चढले.

आत शिकवणी रंगात आली होती. मशीनं खडखडत होती, बायका कापडावर वाकलेल्या, आणि कोपऱ्यात सासरे उभे राहून कॉलरला इस्त्री करत होते. एका कानात छोट्या रेडिओची तार. त्यांनी मान वर केली नाही.

"या जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "जागा मिळेल तिथे बसा. सुया बघून बसा."

"बाबा," चष्मेवाला म्हणाला, "रिमोट तुमच्या हातात देईन."

"मी सोफा देतो," साडू म्हणाला. "अख्खा."

"मी सामना संपेपर्यंत एक शब्द बोलणार नाही."

"ही थाप आहे," सासरे म्हणाले आणि कॉलर उलटी केली.

मशीनं एकेक करून थांबली होती. बायका ऐकत होत्या.

"भिंगरी गेला, बाबा," चष्मेवाला हळूच म्हणाला.

"ऐकलं. जेवत असेल बिचारा, तेव्हा फोन आला असेल. सामान बांध म्हणून." सासऱ्यांनी इस्त्री उभी केली. "तुम्ही तर खूश असाल."

"मलाही तसंच वाटलं होतं. नाही झालो."

चष्मेवाल्याने मग एका दमात सांगून टाकलं, की चुकलो, तुमच्याशिवाय सामना म्हणजे नुसता टीव्ही बघणं आहे, आणि खुर्ची वर घातली ती तुमची किंमत कमी म्हणून नाही, साडूभाऊ अडूनच बसले होते.

"मी अडलो?" साडू उसळला. "तुम्हीच घाईला आला होतात!"

"भांडू नका," सासूबाई म्हणाल्या. "मला विचारायचं तरी. मी यांची वर एक शिलाई मशीन देऊन पाठवणी केली असती."

बायका खो खो हसल्या. सासऱ्यांनी बायकोकडे रागाने बघायचा प्रयत्न केला, पण मिशी आधीच हलली होती. त्यांनी कानातली तार काढली.

"मी कुठेही येणार नाही," ते म्हणाले. "बघायचं तर तुम्ही दोघं इथे यायचं. आणि टीव्ही लागेल."

"लागेल," सासूबाई म्हणाल्या, "पण माझ्या शिकवणीत रिकाम्या हाताने कुणी बसत नाही."

तेव्हापासून दर रविवारी दोघं जावई सासूबाईंच्या घरी जमिनीवर बसून शर्टांना बटणं लावतात आणि पिवळ्यांचा सामना बघतात. चष्मेवाल्याचा हात बारीक कामाला सरावलेला, त्यामुळे त्याची बटणं सरळ बसली. साडूने पहिल्या दिवशी एक बाही स्वतःच्या पॅंटला शिवून टाकली. शिकायला येणाऱ्या बायकांनाही हळूहळू खेळ कळायला लागला. त्यातल्या एका नर्सबाईंनी तर खांबाला विकावं असा ठराव मांडला, आणि सासऱ्यांनी त्यांना दार लावून बसायला सांगितलं.

निळ्यांशी सामना झाला तेव्हा भिंगरी निळ्या कपड्यांत मैदानात उतरला. सासरे उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्यानेही वाजवल्या. भिंगरीने पुढच्याच मिनिटाला पिवळ्यांना गरगरवून सोडलं, तेव्हा तेच सासरे ओरडले, "पाडा त्याला!" नेमबाजाने लांबून तीन गुण मारले आणि चष्मेवाल्याने विजयी नजरेने सासऱ्यांकडे बघितलं. नेमबाजाने पुढचे तीन चेंडू फेकले आणि तिन्ही चुकले, तेव्हा सासऱ्यांनी ती नजर व्याजासकट परत केली.

पिवळे कसेबसे प्लेऑफमध्ये पोचले आणि पहिल्याच फेरीत गारद झाले. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा खोलीत फक्त एक मशीन चालू होतं. सासऱ्यांनी टीव्ही बंद केला, हात मागे बांधले आणि जाहीर केलं, की पुढच्या वर्षी चषक पिवळ्यांचाच, कारण खांबाला उडी मारायची योग्य वेळ आता कळायला लागली आहे, पोरगा हळूहळू वर येतोय, फक्त घाई करू नका. चष्मेवाल्याकडे यावर निदान चार सडेतोड उत्तरं तयार होती. पण सासूबाईंनी त्याच्याकडे एका झग्याची किनार दुमडायला दिली होती आणि त्याच्या ओठांत टाचण्या होत्या. सासऱ्यांचं बोलणं त्या दिवशी पहिल्यांदाच शेवटपर्यंत पूर्ण झालं.